फुकटचा कागद आणि मापाचं ब्लाऊज

तेहतीस वर्षं मी अमरावतीत शिवणक्लास चालवला. या तेहतीस वर्षांत राजीखुशीनं अंगाला टेप लावून घेतलेल्या बायका मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. आपल्याकडे बाई शिवायला टाकते तेव्हा कापडाच्या घडीत एक जुनं ब्लाऊज गुंडाळून आणते. त्याला म्हणतात मापाचं ब्लाऊज. ते कधीतरी, कोणीतरी, नशिबानं नीट शिवलेलं असतं. पुढं ते विटतं, काखेत विरतं, हुक गळतात, पण बाई त्याला टाकत नाही. शिंपी बदलतो, गाव बदलतं, ब्लाऊज तेच. माझ्याकडे एक बाई लग्नातलं ब्लाऊज मापाला घेऊन यायच्या आणि त्यांच्या थोरल्या सुनेलाही तोवर मूल झालं होतं. मी म्हटलं, ताई, हे तुम्हाला आता होतं का? तर म्हणाल्या, होत नाही, पण माप मात्र बरोबर आहे.

हसू नका. हीच चूक पुढे मी केली आणि ती सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

आधी धंद्याचं थोडं सांगते. शिवणं ही सोपी गोष्ट आहे. मशीन पायानं चालतं, सुई खालीवर होते, त्यात काही विद्या नाही. विद्या आहे ती कापण्यात. माणसाचं अंग गोल आणि कापड सपाट. या सपाटाचं गोल करायचं तर आधी कागदावर आकृती काढावी लागते. पुढचा भाग, पाठ, बाही, मुंढा म्हणजे बाही जिथं खांद्याला बसते ती गोलाई. हे कागद कापून कापडावर ठेवायचे, खडूनं रेघ मारायची, बाजूनं थोडी माया सोडायची आणि मग कैची चालवायची. माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. बाई जाडली तर उसवून सैल करायला ते कामी येतं. हा कागद म्हणजेच पेपर कटिंग. हल्लीच्या मुली पॅटर्न म्हणतात. ज्याच्याकडे चांगलं पेपर कटिंग, त्याचा धंदा चांगला. म्हणून ते कोणी कोणाला देत नसे.

मी शिकले अकोल्याला. टिळक रोडच्या मागं एका गल्लीत आमच्या मास्तरांचं लेडीज टेलरचं दुकान होतं. मास्तर मोठे कलाकार आणि त्याहून मोठे संशयी. त्यांचे पुठ्ठ्याचे फर्मे, म्हणजे कापायचे साचे, भिंतीवर खिळ्याला टांगलेले असत आणि प्रत्येकावर छातीचा आकडा लिहिलेला असे. चौतीस, छत्तीस, अडतीस. मी दोन वर्षं झाडू मारता मारता ते बघत होते. एक दिवस मास्तर जेवायला गेले तेव्हा मी टेप लावला. छत्तीस लिहिलेला फर्मा चौतीसचा निघाला. अडतीसचा छत्तीसचा. मास्तरांनी मुद्दाम सगळे आकडे दोननं वाढवून लिहिले होते, म्हणजे कोणी फर्मा चोरलाच तर त्याची फजिती व्हावी.

फजिती झाली, पण चोराची नाही. ऐन लग्नसराईत मास्तरांना कावीळ झाली आणि त्यांचे धाकटे बंधू दुकान सांभाळायला आले. सरळ माणूस. भिंतीवर छत्तीस लिहिलेलं बघितलं की छत्तीसच्या बाईचं ब्लाऊज कापायचे. आठवड्यात तीस-पस्तीस ब्लाऊज कापले गेले आणि मग एकेक बाई परत यायला लागली. एकीनं तर दुकानाच्या पायरीवर उभं राहून विचारलं, बाप्पा, हे माह्यं हाये का माह्या पोरीचं? आत माया ठेवलेली होती म्हणून निभावलं. बंधू, दुकानातला कारागीर आणि मी अशा तिघांनी मिळून चार दिवस नुसती उसवाउसवी केली. मला खरा आकडा माहीत होता, हे मी तेव्हा बोलले नाही. मला कोणी विचारलंही नाही आणि विचारलं असतं तर फर्म्याला हात कसा लावला हे सांगावं लागलं असतं.

अशा गुरूची मी चेली. लग्न होऊन अमरावतीला आले, राजापेठेकडे दोन खोल्या घेतल्या, क्लास काढला. मास्तरांचा संशय माझ्यात पुरा उतरला होता. मुलींना मी आकृती काढायला शिकवायची, पण माझे स्वतःचे तयार कागद कपाटात कुलपात. कागद मागेल तिला माझं उत्तर ठरलेलं असे, फुकटच्या कागदानं हात तयार होत नाही.

त्या काळात फुकटचा कागद मिळायचाही. एका बायकांच्या मासिकासोबत दिवाळीत घडीचा मोठा कागद येई. त्यावर पाच-सहा कपड्यांच्या आकृत्या एकावर एक छापलेल्या, कशाची तुटक रेघ, कशाची ठिपक्यांची, कशाची फुल्यांची. नीट बघितलं नाही तर डोकं गरगरायचं. माझी विमल नावाची विद्यार्थिनी चांदूर बाजारहून एसटीनं यायची. हाताची फार गुणी, पण उतावीळ. तिनं त्या कागदावरून भावाच्या मुलीसाठी फ्रॉक कापला. निम्म्यापर्यंत ठिपक्यांच्या रेघेनं गेली आणि जिथं रेघा एकमेकींना कापतात तिथं तुटक रेघेवर गेली. शिवून झाल्यावर बघतो तर एक बाजू फ्रॉकची आणि दुसरी बाजू पायजम्याची. क्लास हसून हसून लोळला. विमलही हसली. त्याची तिनं पिशवी केली आणि तीच पिशवी घेऊन वर्षभर क्लासला आली.

लग्न ठरल्यावर हीच विमल माझ्याकडे आली आणि म्हणाली, मॅडम, सासर आडगावात हाये, तिथं विचाराले कोणी नाई, तुमचं एक ब्लाऊजचं कटिंग द्या ना. मी तिला माझं ठरलेलं उत्तर दिलं. सात-आठ वर्षांनी बसस्टँडवर भेटली तेव्हा मी विचारलं, शिवतेस का? म्हणाली, मशीन माळ्यावर टाकलं मॅडम, मुंढा काही केल्या जमला नाई. ती हसून बोलली. मला मात्र त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेलं नाही. एक कागद दिला असता तर माझं काय जाणार होतं?

तरीही मी कुलूप काढलं नाही. स्वभाव.

आता मूळ गोष्टीकडे येते. क्लास बंद करायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सकाळची बॅच भरलेली, आठ-दहा पोरी मशीनवर, आणि दारात एक साठी उलटलेले गृहस्थ उभे. पांढरा शर्ट, खिशात स्टीलची पट्टी, काखेत कागदाची भली मोठी गुंडाळी. मला वाटलं भिंतीचे कागद विकणारे आहेत.

"मॅडम, मले शिवाले शिकाचं हाये," ते म्हणाले.

पोरी खुसखुसल्या. मी डोळे वटारले आणि त्यांना आत बसवलं. वानखडे त्यांचं नाव. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर इंजिनं खोललेली, आता निवृत्त. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीला, कुसुमवहिनींना, लकवा मारला होता. उजवी बाजू गेली. बोलणं बरंचसं परत आलं, काठी धरून चार पावलं चालणंही आलं, पण उजवा हात वर होत नव्हता. हात वर होत नाही म्हणजे ब्लाऊजच्या बाहीत जात नाही. दोन वर्षं त्या ढगळ गाऊनवर होत्या आणि गाऊनवर आहेत म्हणून दोन वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या. वहिनी अंगणवाडीत होत्या. त्यांच्या गल्लीतल्या बायका सांगत, कुसुमताईंच्या निऱ्यांची सकाळची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नसे. अशा बाईनं गाऊनवर चारचौघांत यायचं नाही म्हटलं, तर मला त्यात काही नवल वाटलं नाही.

अडचण अशी होती की अकोल्याला त्यांच्या भाचीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. ही भाची, पल्लवी, शाळेची चार वर्षं यांच्याच घरी राहिलेली. ती फोनवर रोज विचारायची, आत्या, येणार ना? आणि वहिनींचं उत्तर एकच, गाऊन घालून मी मांडवात येत नाई. साडीचं काही अडत नव्हतं. निऱ्या टाचून, कमरेला पट्टी लावून साडी तयार शिवता येते. अडत होतं ते ब्लाऊजपाशी. वानखडे तीन शिंप्यांकडे जाऊन आले होते. एक म्हणाला जमणार नाही, एक म्हणाला बघू, आणि तिसऱ्यानं विचारलं, आता या वयात ब्लाऊज कशाले पाह्यजे? तिथून ते जे उठले ते स्वतःच शिकायचं ठरवून.

मग त्यांनी गुंडाळी उलगडली. मोबाइलवर शोधता शोधता त्यांना परदेशातल्या कुठल्याशा बाईनं टाकलेला एक फुकटचा पॅटर्न सापडला होता, हात न हलणाऱ्यांसाठी. झेरॉक्सच्या दुकानातून त्याचे अठरा कागद छापून आणून त्यांनी घरी चिकटपट्टीनं जोडले होते. जोड असे बेमालूम की मला हेवा वाटला. त्या पॅटर्नमध्ये खांद्याची शिलाईच नव्हती. गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत सगळं उघडं आणि टिचबटणांनी बंद होणारं. म्हणजे हात वर करायलाच नको. ब्लाऊज काखेखालून घ्यायचं, वरून बटणं दाबायची. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्याचाच मला राग आला.

मी टेप काढला. कागदावर छत्तीस छापलेलं, आणि मोजलं तर भरलं पावणेचौतीस. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मास्तरांच्या भिंतीवरचे फर्मे डोळ्यांपुढे उभे राहिले. मी सगळ्या क्लाससमोर म्हटलं, बघा पोरींनो, फुकटच्या कागदाचं हे असं असतं.

वानखडे भाऊ रागावले नाहीत. त्यांनी खिशातली स्टीलची पट्टी काढली, कागदाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन छापलेला होता त्यावर ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघितलं.

"चौकोन दोन इंचाचा लिहिला हाये," ते म्हणाले. "भरला एक सूत कमी. कागद खरा हाये मॅडम. छपाई लहान निंघाली."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिंप्याला आणि मेकॅनिकला दोघांनाही ते कळतं. दोन इंचाला एक सूत, म्हणजे छत्तीसला सव्वादोन इंच. हिशेब अगदी जुळला. तो चौकोन छापलेला असतो तोच मुळी यासाठी, की छापल्यावर आधी तो मोजावा. मी तो बघितलाच नव्हता. पोरी आता माझ्याकडे बघून खुसखुसत होत्या आणि मी डोळे कोणावर वटारणार?

आम्ही दोघं झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानातल्या ताईंनी सांगितलं की कागदात मावावं म्हणून मशीन आपोआप थोडं लहान करतं, सगळे तसंच छापून नेतात, आजवर कोणी तक्रार केली नाही. बायोडाटा आणि सातबारा थोडे लहान निघाले तर कोणाचं काय बिघडतं? वानखडे भाऊंनी पट्टी हातात धरूनच पुन्हा अठरा कागद छापून घेतले आणि पहिला कागद बाहेर येताच चौकोन मोजला. पुरे दोन इंच. लहान निघालेला पहिला जोडकागद मी क्लासमधल्या रद्दीच्या ढिगावर टाकला.

पुढचे दोन आठवडे भाऊ रोज सकाळी येत. एवढा चांगला विद्यार्थी मला मिळाला नाही. शिलाई सरळ मारायची कशी हे एकदा सांगितलं की संपलं. तक्रार फक्त एक, कापडाची. लोखंड जागचं हलत नाही, हे सरकून राहिलं म्हणायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या चार मशीनना तेल दिलं आणि वर्षभर खडखडणारं एक मशीन पाच मिनिटांत गप्प केलं. पोरी त्यांना आधी हसत होत्या, आता बॉबिन अडकलं की भाऊ, भाऊ करत त्यांच्याकडे धावायच्या आणि मी आपली एका बाजूला.

मापासाठी त्यांनी काय आणलं असेल? मापाचं ब्लाऊज. मोरपंखी रंगाचं, घडी घालून, डांबराच्या गोळीचा वास येणारं. टेप घेऊन मी घरी येऊ का असं विचारलं, तर वहिनींनी निरोप पाठवला, माप तर पाठवलं, आता काय मोजता? मला त्यात वावगं वाटलं नाही. सगळ्याच बायका असं म्हणतात. ब्लाऊज मोजलं, छत्तीस भरलं, कागदही छत्तीसचा. सगळं कसं चपखल. आम्ही आधी मांजरपाट या स्वस्त, जाड्याभरड्या कापडाचं कच्चं ब्लाऊज शिवलं, म्हणजे अंगावर घालून बघायचं आणि मग चांगल्या कापडाला कैची लावायची. लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा मी ते घेऊन त्यांच्या घरी गेले.

कुसुमवहिनींना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, गाऊनवर पदरासारखी ओढणी. आणि बघताक्षणी मला कळलं. ही बाई छत्तीसची नव्हती. दोन वर्षांच्या आजारानं अंग उतरलं होतं, उजवा खांदा खाली आला होता. ते मोरपंखी ब्लाऊज ज्या बाईचं होतं ती बाई त्या खुर्चीत नव्हती.

घालून बघितलं. खांदा उघडण्याची युक्ती झकास चालली, हात जरासुद्धा उचलावा लागला नाही. बटणं दाबली. ब्लाऊज खांद्यावरून घसरलं आणि पुढं पिशवीसारखं लोंबलं. वहिनींनी आरसा मागितला. बघितलं.

"पल्लवीले फोन लावा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "म्हणा, आत्याची वाट पाहू नोको."

वानखडे भाऊ माझ्याकडे बघत होते, इंजिन सुरू न झाल्यावर ड्रायव्हर मेकॅनिककडे बघतो तसं. मला फार लाज वाटली. परदेशातल्या त्या बाईच्या कागदात मी चूक काढायला बसले होते आणि स्वतः मात्र माणूस न बघता कापड कापलं होतं. वहिनींना मी तसं सरळ सांगितलं. म्हटलं, चूक माझी आहे, तुमच्या अंगाची नाही. मला एकदा मोजू द्या. चार दिवस आहेत, मी शिवून देते.

त्यांनी मान हलवली. टेप नको म्हणाल्या. मी जरा वेळ बसले आणि मग ध्यानात आलं की टेपची अडचण नव्हती. आकडा ऐकायची होती. दवाखान्यात दोन वर्षं या बाईचं सगळं काही आकड्यांतच मोठ्यानं बोललं जात होतं. मी आजूबाजूला बघितलं. दोरीवर तीन-चार परकर वाळत होते. एकाची नाडी ओढून काढली.

"यानं मोजते," मी म्हटलं. "आकडाच येत नाही."

वहिनी पहिल्यांदा हसल्या, डाव्या बाजूनं.

"तुमी मास्तरीण, अन् नाडीनं मोजता?" त्या म्हणाल्या. "मोजा. पण आकडा बोलू नोका. मले माहीत हाये मी किती राह्यली ते."

मी नाडी छातीभोवती घेतली आणि गाठ मारली. दंडाला दुसरी नाडी, कमरेला तिसरी. डावा खांदा आणि उजवा खांदा वेगवेगळे मोजून सुतळीच्या तुकड्यांना गाठी मारल्या. वानखडे भाऊंचा हात सारखा खिशातल्या पट्टीकडे जात होता. वहिनी म्हणाल्या, पट्टी काढाल तर पाहा. त्यांनी हात मागे घेतला.

गाठींची पिशवी घेऊन आम्ही क्लासवर आलो. आता नवा कागद काढायला बसलं पाहिजे आणि तो खांदेउघडा कागद मी कधी काढलेला नाही. छातीची नाडी टेपवर धरली. आकडा मी आजही सांगणार नाही, पण तो भाऊंनी माझ्या खांद्यावरून वाचला आणि ते उठून रद्दीच्या ढिगाकडे गेले. वरचे वर्तमानपत्रांचे तुकडे बाजूला करून त्यांनी तो पहिला, लहान निघालेला जोडकागद ओढून काढला. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. नाडी त्यावर ठेवली. पाव इंच सोडला तर गाठ बरोबर रेघेवर बसली.

मी डोक्याला हात लावला. चुकीचा छापलेला म्हणून साऱ्या क्लाससमोर ज्याची टर उडवली, तोच कागद बरोबर होता. भाऊ म्हणाले, मॅडम, स्पेअर पार्ट कधी फेकू नये.

लांबी आणि बाही अर्थातच अपुरी होती, ती खालून वाढवली. उजव्या खांद्याचा उतार वेगळा, म्हणून डावा आणि उजवा असे दोन निराळे कागद कापले. समोरच्या हुकांच्या जागी चपलेच्या पट्ट्याला असते तशी दाबून चिकटणारी पट्टी, म्हणजे व्हेलक्रो, लावली, एका हातानं बंद होईल अशी. दुसऱ्या दिवशी मांजरपाट घालून बघितला तेव्हा वहिनींनी आरसा मागितलाच नाही. नुसतं खांद्यावरून डावा हात फिरवला आणि म्हणाल्या, आता चांगलं कापड कापा. जांभळं ब्लाऊज मी कापलं, शिवलं वानखडे भाऊंनी. शेवटची बटणं लावायलाही त्यांनी मला हात लावू दिला नाही.

लग्नाला मलाही आमंत्रण होतं. नवरी सुरेख दिसत होती म्हणतात. मी बघितलं नाही, मी पूर्ण वेळ तो उजवा खांदा बघत होते. एक सुरकुती नव्हती. वहिनी पुढच्या रांगेत खुर्चीत बसल्या होत्या, निऱ्या जिथल्या तिथं, आणि अक्षता डाव्या हातानं अशा भिरकावल्या की दोन दाणे भटजींच्या कपाळावर बसले. मंगलाष्टकं संपल्याबरोबर पल्लवी स्टेजवरून उतरून आधी त्यांच्याकडे आली. दोघी रडल्या आणि मीही रडले, सांगायला कसली लाज. नंतर बायकांचा घोळका जमला. ब्लाऊज कोणी शिवलं, कोणी शिवलं. वहिनींनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. कोणाचा विश्वास बसेना, तेव्हा वानखडे भाऊंनी पंगतीत उभं राहून खांदा कसा उघडतो हे पापडावर बोटानं रेघ मारून समजावून सांगितलं. पापड मोडला, पण तोवर लोकांना समजलं होतं.

अकोल्याहून परतल्यावर मी कपाटाचं कुलूप काढलं. माझी सगळी कटिंगं, लहान पोरीच्या झबल्यापासून कटोरी ब्लाऊजपर्यंत, भाऊंनी ट्रेसिंग करून स्वच्छ काढली. त्यांच्यासोबत तो दोन वेगळ्या खांद्यांचा कागदही. झेरॉक्सवाल्या ताईंकडे गठ्ठा ठेवला आहे, कोणीही यावं, छापून न्यावं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात भाऊंनी पट्टीनं दोन इंचाचा चौकोन काढला आहे आणि खाली त्यांच्या वर्कशॉपच्या अक्षरात लिहिलं आहे, आधी चौकोन मोजा, मग माणूस मोजा. पहिला संच मी चांदूर बाजारच्या एसटीतून विमलच्या भावाकडे पाठवला. विमलचा फोन आला. मशीन माळ्यावरून उतरवलं म्हणाली, गंज बराच आहे. भाऊ म्हणाले, गंजाचं माझ्यावर सोडा.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. कुसुमवहिनी काठी टेकत क्लासची पायरी चढून आल्या, साडीत. रोजच्या वापराची चार ब्लाऊजं शिवायची होती. पिशवीतून त्यांनी चार कापडं काढली आणि वर ते जांभळं ब्लाऊज ठेवलं. माझ्या टेबलावर अजून ते मोरपंखी पडलेलं होतं, परत द्यायचं राहून गेलेलं. त्यांनी ते डाव्या हातानं उचललं, जरा वेळ बघितलं आणि माझ्यापुढे टाकलं.

"मापाले आता हे जांभळं ठेवा," त्या म्हणाल्या. "त्या जुन्याचं फडकं करा."

मी म्हटलं, राहू द्या वहिनी, आठवण म्हणून. त्या म्हणाल्या, आठवण मले हाये, तुमची मशीन पाहा किती मळली.

त्यांच्यासमोरच मी त्याचे दोन भाग केले. सुती होतं, तेल चांगलं टिपतं. अजून वापरते आहे.